कण्यात राहिलेला तुकडा

बाभळीचा काटा टाचेत मोडला म्हणजे काय होते, ते तुम्हां मंडळींना मी काय सांगावे! एखादा पिकतो, एखादा वर्षानुवर्षे मुकाट पडून राहतो. पाठीच्या कण्यात मोडून राहिलेल्या सुईचे वा नळीचे पुष्कळसे असेच आहे. फक्त तिथे चिमटा घेऊन बसता येत नाही.

कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर करण्याची रीत जर्मनीतल्या ऑगस्ट बीअर यांनी १८९८ साली सुरू केली. त्यांनी स्वतःवरही प्रयोग करून घेतला, आणि पुढे कित्येक दिवस डोकेदुखी सोसली! आज अमरावती-अकोल्याकडे सिझेरियन म्हटले की हीच सुई. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. सुई या भागात घालतात, म्हणून मज्जारज्जू सहसा वाचतो.

मग तुकडा राहतो कसा? बारीक सुई हाडावर अडली, वाकली, त्यातच रोगी हलला, तर ती क्वचित मोडते. कधी औषध थेंबथेंब देण्यासाठी जाड सुईतून प्लॅस्टिकची नळी आत सोडतात. ती सुईतूनच मागे ओढली तर सुईची धार तिला कापते. म्हणून सुई आणि नळी एकदमच काढायची, आणि नळीचे टोक शाबूत आहे का ते पाहायचे, असा नियम आहे.

पोलादाचा तुकडा सरकू शकतो; तो बहुधा लवकर काढतात. प्लॅस्टिकचा तुकडा त्रास देत नसेल, तर उगाच चिरफाड नको म्हणून पुष्कळदा राहू देतात. पण त्याभोवती चिवट व्रण धरून नस दाबली जाऊ शकते, कधी पूही होतो. पायात कळ उतरणे, बधिरपणा, पाय लुळा पडणे, ताप, लघवी-शौचाचा ताबा जाणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. ताबा गेला तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

आता उलट बाजू. "सुई दिली अन् कंबर गेली" हे गावोगाव ऐकू येते. बाळंतिणीची बहुतेक कंबरदुखी सुईमुळे नसते.

गुरुजी, सुटीचा कागद वाचून घ्यायला लोक तुमच्याकडेच येतात. त्यात तुकडा राहिल्याची नोंद असेल तर ती त्या बाईला स्पष्ट सांगा. तो जाणून घेण्याचा तिचा हक्क आहे. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर आत जाण्यापूर्वी तोच कागद दाखवायचा. त्या यंत्राचे चुंबक फार जबर असते.