छायाचित्राचा नकाशा होताना

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा फाटा फुटतो ते वडखळ. रस्त्यालगत दुकाने, मागे वस्ती, त्यापलीकडे भातखाचरे आणि खाडीचे पाणी अडवणारे बांध. अशा गावावर ड्रोन फिरवून छायाचित्र घेतले की नकाशा झाला, असे आपल्याला वाटते. पण छायाचित्र म्हणजे नकाशा नव्हे.

कॅमेरा एका बिंदूतून पाहतो. त्याच्या बरोबर खालची वस्तू जागच्या जागी दिसते. बाजूची उंच वस्तू बाहेरच्या अंगाला कललेली दिसते. समजा, ड्रोन 120 मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या खालच्या बिंदूपासून 70 मीटरवर 8 मीटर उंचीचे घर आहे. 70 गुणिले 8, भागिले 112. म्हणजे छप्पर 5 मीटर सरकलेले दिसेल. 10 मीटर लांबीच्या भिंतीला हा फरक 50 चौरस मीटर, जवळजवळ अर्धा गुंठा. हमरस्त्यालगतच्या अर्ध्या गुंठ्यापायी भावाभावांत अबोला धरला जातो.

म्हणून छायाचित्रे एकमेकांवर बरीचशी चढतील अशी घेतात. एकच जागा अनेक कोनांतून दिसली की तिची उंची काढता येते. जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणांशी मेळ घालून प्रत्येक ठिपका त्याच्या खऱ्या जागी बसवतात. हेच दुरुस्त छायाचित्र, ऑर्थोफोटो. त्यावर अंतर नकाशासारखे मोजता येते. मात्र केवळ जमिनीची उंची धरली, तर रस्ते-बांध जागेवर येतात आणि छपरे कललेलीच राहतात. त्यासाठी घरांची उंचीही हिशेबात घ्यावी लागते.

शेतजमिनीवर सारा होता, म्हणून तिची मोजणी झाली. गावठाणातल्या घरांची बहुतेक ठिकाणी राहून गेली. पुरंदर तालुक्यातील सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना जाहीर झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाची छायाचित्रे आणि भूमी अभिलेख विभागाची चौकशी यांतून घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. उड्डाणाआधी हद्दींवर चुन्याची फक्की टाकतात, ती यासाठीच की वरून भिंत दिसते, पण हक्क दिसत नाही.

कोकणात तर भिंतही दिसत नाही. पावसासाठी छप्पर भिंतीबाहेर बरेच काढलेले असते. छायाचित्रात येते ती पागोळीची रेघ. भिंत तिच्या आत कुठेतरी. कितीही अचूक दुरुस्ती केली तरी छपराखालचे दिसणार नाही. तिथे टेप घेऊन जावे लागते आणि दोन्ही शेजाऱ्यांना समोर उभे करावे लागते.

पत्रिका हाती पडली, की म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा: ही रेघ भिंतीची की पागोळीची?