विहीर तीच, टाक्या बदलत गेल्या

सत्तरच्या दशकापर्यंत दक्षिण कोकणातल्या बहुतेक घरांना पाण्याच्या दाबाचा विचार करावाच लागत नव्हता. परसात जांभ्याने बांधलेली विहीर, तिच्यावर रहाट किंवा लाट, बाजूला दगडी डोण, आणि तिथून पन्हळीने माडापोफळींकडे निघालेलं पाणी. न्हाणीत तांब्याचं घंगाळ. घरात जेवढं पाणी येई ते कुणाच्या तरी खांद्यावरून आणि कमरेवरून येई, आणि ती कंबर बहुतेक वेळा घरातल्या बाईची असे. रहाटाच्या आठवणींत ही कंबर फारशी दिसत नाही, म्हणून ती आधी नोंदवतो. गेल्या पन्नास वर्षांत विहिरीवर जे जे बसलं, त्यातलं पुष्कळसं चुकीचं निवडलं गेलं असं माझं मत आहे. पण रहाट परत यावा असं मला कधीही वाटलं नाही.

वीज वाड्यावस्त्यांवर पोचली तशी मोनोब्लॉक मोटर आली. काठावर बसवलेला पंप पाणी ओढतो तो बाहेरच्या हवेच्या दाबावर, त्यामुळे कागदावर 10 मीटर, प्रत्यक्षात सातेक मीटर, एवढीच त्याची धाव. एप्रिल-मेमध्ये पाणी त्याच्याही खाली उतरतं. म्हणून लोकांनी विहिरीत टप्पा बांधून मोटर त्यावर ठेवली, आणि मृगाआधी दोरखंड लावून ती वर काढायची हे दरवर्षीचं काम होऊन बसलं. फूटव्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकला की पाइपातलं पाणी उतरायचं, मोटर हवा धरायची, मग तांब्याने पाणी ओतून ती भरत बसायचं. पुढे सबमर्सिबल आली आणि हा सगळा व्याप संपला.

मोटरपाठोपाठ पाणी डोक्यावर चढलं. आधी सिमेंटची टाकी, नंतर प्लास्टिकची काळी. गुजरातेतल्या कलोलच्या सिंटेक्सने ही टाकी एवढी रुजवली की गावोगाव लोक कोणत्याही कंपनीच्या टाकीला सिंटेक्सच म्हणू लागले. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब हा हिशेब धरला, तर नळाच्या 3 मीटर वर असलेली टाकी जेमतेम 0.3 बार देते. बादली भरायला तेवढा पुरतो. पण या टाकीचा खरा गुण दाब नव्हताच. 500 किंवा 1000 लिटर पाणी घरात साठून राहायचं, मोटर दिवसातून एकदोनदाच चालायची, आणि मधल्या वेळात विहिरीचा झरा आपल्या गतीने पाणी भरून काढायचा. विहिरीला इतकं मानवलेलं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही.

मग घरं बदलली. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली. मुंबईत स्थिरावलेल्यांनी गावची घरं नव्याने बांधली, काहींनी खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. वरच्या मजल्यावर शॉवर आला, गीझर आला, कपडे धुण्याचं यंत्र आलं. त्यांना 0.3 बार पुरेना. एकदीड बार तरी हवा, म्हणून प्रेशर पंप आणि त्याच्यासोबतची लोखंडी टाकी कोकणात शिरली. अमेरिकेत शेतावरच्या घरांत ही पद्धत फार आधी रुळली होती. मधोमध रबरी पडदा असलेली टाकी तिथे 1960च्या दशकापासून मिळते.

या टाकीत काम करते ती हवा. एका बाजूला दाबून भरलेली हवा, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये रबर. पंप पाणी आत ढकलतो, हवा आकसते. ठरलेल्या दाबाला स्विच मोटर बंद करतो आणि नंतर काही वेळ हवाच नळाला पाणी पुरवते. बॉईलचा 1662 सालचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. समजा, मोटर 1.5 बारला सुरू होते, 3 बारला बंद होते आणि टाकी 100 लिटरची आहे. आत आधीची हवा 1.3 बारने भरलेली असेल, तर मोटर बंद असताना नळातून मिळणारं पाणी 35 लिटरच्या आत-बाहेर. पडदा नसलेल्या जुन्या पद्धतीच्या टाकीत हवा आधी भरलेलीच नसेल, तर तेवढ्याच आकारात मिळतात फक्त 15 लिटर. शिवाय तिथली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, टाकी पाण्याने भरून जाते आणि नळ उघडला रे उघडला की मोटर खडखडू लागते.

दुकानात मात्र सर्रास दिली गेली ती 24 लिटरची आडवी टाकी, कारण ती पंपाखाली छान बसते आणि स्वस्त पडते. तिच्यातून मिळतात 8 लिटर. मिनिटाला 30 लिटर देणारा पंप ती पंधरा-सोळा सेकंदांत भरतो आणि थांबतो. अर्धवट उघड्या नळावर हे सतत चालू राहतं. सिंगल फेज मोटर दर वेळी सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. आधी कपॅसिटर जातो, मग वाइंडिंग. जळालेल्या मोटरचा दोष लोक व्होल्टेजला देत राहिले. पुष्कळदा कारण टाकीच्या आकारात होतं. एकदा सुरू झालेली मोटर निदान मिनिटभर चालली पाहिजे, हा साधा नियम लावला, तर या पंपाला 100 लिटरच्या आसपासची टाकी लागते.

या टाकीची दुसरी मर्यादा लोडशेडिंगने दाखवली आणि वादळांनी पक्की केली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. मंडणगड, दापोली, श्रीवर्धनकडे विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच मेमध्ये तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपलं. थेट विहिरीतल्या मोटरला प्रेशर टँक जोडून ज्यांनी गच्चीवरची टाकी काढून टाकली होती, त्यांच्याकडे वीज गेल्यावर उरलं एकदोन बादल्या पाणी. जलजीवन मिशन माणशी दिवसाला 55 लिटर धरतं. 100 लिटरची प्रेशर टँक एका माणसाचीही तेवढी गरज भागवत नाही. ज्यांची वरची टाकी वाऱ्यात टिकली आणि भरलेली होती, त्यांचे पहिले दिवस निभावले. बाकीच्यांनी दोरी शोधली, पोहरा शोधला, भाड्याचा जनरेटर शोधला.

म्हणून विहीर असलेल्या घराला माझा सल्ला ठाम आहे. वरची टाकी हलवू नका. विहिरीतल्या मोटरने तीच भरा आणि दाब हवा तर त्या टाकीच्या खाली छोटा पंप आणि पुरेशी प्रेशर टँक लावा. थेट विहिरीवर ती लावली, तर मेमध्ये पाणी तळाला गेलेलं असताना प्रत्येक नळ झऱ्याकडेच पाणी मागतो आणि मोटर कोरडी चालण्याची भीती वाढते. जांभ्यातलं पाणी बहुधा मृदू, जरासं आम्ल असतं. आतून अस्तर नसलेलं लोखंड ते खातं, तेव्हा टाकीचं अस्तर विचारून घ्या. आणि वर्षातून एकदा, वीज बंद करून, नळ सोडून टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर हवा तपासा. टाकीवर टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो, पंक्चरवाल्याकडचा गेज चालतो. मोटर सुरू होण्याच्या दाबापेक्षा 0.2 बार कमी भरली की झालं.

अलीकडे वेग बदलत चालणारे पंप आले आहेत. नळाच्या मागणीप्रमाणे मोटर हळू-जलद फिरते, त्यामुळे टाकी अगदी लहान चालते. शहरातल्या इमारतींत ते उत्तम काम करतात. कोकणात मात्र मे अखेरीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, आणि या पंपांची सगळी मदार एका इलेक्ट्रॉनिक कार्डावर आहे. ते गेलं तर तालुक्याच्या गावातही लगेच मिळेल याची खात्री नसते. दाबाचा साधा स्विच वाडीतला वायरमन दुपारच्या जेवणाआधी बदलून देतो.