एका ‘सी’ची किंमत

शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला मी अर्धा गुण कापायचे. मस्कतला आल्यावर कळलं, दुसऱ्याच्या एका अक्षराच्या चुकीवर धंदा करणारेही असतात.

आपल्या ओमानचा इंटरनेटवरचा पत्ता ‘डॉट ओएम’. ‘डॉट कॉम’मधला ‘सी’ राहिला की आपण ओमानच्या दारात! मार्च २०१६ मध्ये एंडगेम या अमेरिकी सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की नेटफ्लिक्ससारख्या बड्या नावांपुढे ‘डॉट ओएम’ लावून ३००हून अधिक पत्ते भलत्यांनीच घेऊन ठेवले होते. चुकून तिथे गेलेल्या मॅकवाल्यांना ‘फ्लॅश अपडेट करा’ अशी खोटी पाटी दिसे. होकार दिला, की जाहिरातींचा उपद्रवी प्रोग्राम संगणकात शिरे.

हा धंदा जुनाच. कुणी ‘रेडिफ’सारखंच ‘रॅडिफ डॉट कॉम’ नोंदवलं, तेव्हा १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने आदेश दिला. डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं, असं न्यायालय म्हणालं.

कंपन्यांकडे वकील असतात. साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या माझ्या सासूबाईंकडे कोण आहे? त्या आता बँकेचं काम मोबाईलवर करतात. गेल्या सुट्टीत बँकेचा खरा पत्ता मी त्यांच्या मोबाईलवर साठवून दिला. आता फोनवर “जेवलात का, आई?” झालं, की मी विचारते, “पत्ता हाताने टाईप नाही ना केलात?”

तुम्हीही या दिवाळीत गावी गेलात, की फराळाला बसण्याआधी एवढं काम करून द्या.