एका ‘च’चा मागोवा

दैनंदिन आत्मविकास, म्हणजे आपला स्वभाव, बोलणेचालणे आणि अंगातली उमेद यांना जाणीवपूर्वक वळण लावण्याचा रोजचा खटाटोप, ही कल्पना मराठी समाजाला मुळीच नवी नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास मूर्खलक्षणांना आणि दुसरा उत्तम लक्षणांना वाहिलेला असून, आत्मस्तुतीपासून अविचारी बोलण्यापर्यंतच्या सवयी समर्थांनी तेथे इतक्या बारकाईने टिपल्या आहेत की संभाषणकलेवरील अलीकडच्या पुस्तकांना त्यांत फारशी भर घालता आलेली नाही. तरीही कळते पण वळत नाही, ही तक्रार पिढ्यानपिढ्या उरलीच. कारण उपदेश वर्तनाला उद्देशून केला जातो आणि वर्तनामागे दडलेली धारणा बहुधा अस्पर्श राहते.

ही धारणाच उपचाराचा विषय करणारी पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५च्या सुमारास मांडली आणि पुढे मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती म्हणून रुजली. तिची बीजे एलिस यांच्या तरुणपणात सापडतात. वयाच्या १९व्या वर्षी, अनोळखी स्त्रियांशी बोलण्याच्या भयाने ग्रासलेल्या एलिस यांनी महिनाभर न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसताच तिच्या शेजारी बसून मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची, असा नेम केला. त्यांच्याच सांगण्यानुसार अशा १३० स्त्रियांपैकी ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आलीच नाही. हिशेबाने पाहता ही नामुष्कीच. पण नकाराने आकाश कोसळत नाही, हे पुस्तकातून न उमगणारे ज्ञान त्यांना त्या बाकांवर मिळाले आणि भीती ओसरली.

या पद्धतीचा गाभा असा, की घटना थेट भावना निर्माण करीत नाही. घटना आणि भावना यांच्यामध्ये माणसाचा दृष्टिकोन उभा असतो, आणि तो इच्छेऐवजी हट्टाचे रूप घेतो तेव्हा त्रास वाढतो. मी यशस्वी झालोच पाहिजे, इतरांनी माझ्याशी चांगलेच वागले पाहिजे, परिस्थिती सोयीचीच असली पाहिजे, असे तीन हट्ट एलिस यांनी वेगळे काढले. इंग्रजीत यासाठी सक्तीचे क्रियापद लागते. मराठीत मात्र हट्टाचा सारा भार ‘च’ या एका अक्षरावर पडतो. कामावरून परतलेला माणूस ‘घरच्यांनी माझी विचारपूस केलीच पाहिजे’ असे मनाशी धरून दार उघडतो, तेव्हा पाण्याचा तांब्या पुढे यायला झालेला उशीरही त्याला अपमान वाटतो आणि पहिले वाक्यच तिरकस निघते; ‘केली तर बरे वाटेल’ एवढ्यावर तो आला, तर तीच संध्याकाळ बोलण्यासारखी राहते. दमणूक केवळ कामाची नसते, दिवसभर वागवलेल्या अशा ‘च’कारांचीही असते, हे शक्तीच्या आणि समतोलाच्या चर्चेत फार क्वचित सांगितले जाते.

मराठी मुलुखात हा विचार रुजवण्याचे श्रेय प्रथम किशोर फडके यांच्याकडे जाते. एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून त्यांनी ही पद्धत आत्मसात केली आणि लेखन व प्रशिक्षण यांद्वारे ती मराठी माणसाच्या हाती दिली. पुढे १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने ती दवाखान्याबाहेर आणली, आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने तिच्या जनकाचे आयुष्य मराठी वाचकांपर्यंत पोहोचवले. या प्रवासात शब्दही घडवावे लागले: बोलीभाषेत काळजी आणि चिंता हे शब्द एकाच अर्थाने चालतात, पण येथे कृतीला प्रवृत्त करणारी ती काळजी आणि हातपाय गाळायला लावणारी ती चिंता, असा भेद महत्त्वाचा ठरला.

या पद्धतीचा एक गैरवापर मात्र ठामपणे नाकारायला हवा. नोकरी करून घरचे रांधणे, वाढणे, उष्टे काढणे एकटीने निभावणाऱ्या स्त्रीला ‘दृष्टिकोन बदल’ असे सांगणे म्हणजे अन्यायाला मानसशास्त्राचा आधार देणे होय. एलिस यांना अभिप्रेत असलेला स्वीकार म्हणजे शरणागती नव्हे. जे बदलता येते ते बदलण्याची खटपट त्या स्वीकारात गृहीत आहे. ‘त्यांनी स्वतःहून समजून घेतलेच पाहिजे’ या हट्टाने ती स्त्री आतल्या आत जळत राहते. हट्ट सुटला की तिला स्पष्ट शब्दांत सांगता येते, की उद्यापासून सकाळच्या पोळ्या दुसऱ्या कोणीतरी लाटायच्या आहेत.