झबलं वर करा आणि मोजा

पाऊस सरतो, पहाटे वाडीत गारठा उतरतो आणि नंदाखाल गावात घरोघरी लेकरं खोकायला लागतात. ओव्याची पुरचुंडी निघते, आजी छातीला कोमट तेल लावते. साध्या सर्दीत बाळाला तेवढ्याने बरं वाटतं. न्यूमोनिया मात्र खोकल्याच्या आवाजावरून कळत नाही, तो श्वासाच्या वेगावरून कळतो. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पू-पाणी साचलं की दर श्वासाला प्राणवायू कमी पडतो. ती तूट बाळ भराभर श्वास घेऊन भरून काढतं.

हा वेग आईलाही मोजता येतो. बाळ झोपलेलं किंवा मांडीवर शांत असू द्या. रडून झाल्याबरोबर मोजू नका. झबलं वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पोटावर नजर ठेवा. पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर फसायला होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थेट रुग्णालयच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून हेच काम गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना शिकवलं. शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांची चौकट आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ केलं: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. गावातच प्रतिजैविक मिळालेल्या मुलांत शंभरात एकाहूनही कमी दगावलं. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत हेच प्रमाण शंभरात तेराच्या वर होतं.

‘बाळाचं पोट उडतंय’ असं आपण म्हणतो, तेव्हा बरगड्यांखाली बघा. श्वास आत घेताना तिथे खड्डा पडत असेल तर आजार वाढलाय. बाळ दूध ओढत नाही, सगळं ओकतं, झटके येतात, हाक मारून डोळे उघडत नाही, ओठ निळे पडतात, यांपैकी एकही दिसलं तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.

बोटाला यंत्र लावून डॉक्टर प्राणवायू तपासतात. दोन वर्षांखालच्या मुलांत घरघर बहुधा विषाणूची असते. तिथे प्रतिजैविकाचा उपयोग नाही. पण डॉक्टरांनी न्यूमोनियासाठी प्रतिजैविक दिलं असेल तर बाळ खेळू लागलं म्हणून मध्येच बंद करू नका. दूध थोडं थोडं, वारंवार पाजा. खोकल्याचं औषध मनाने देऊ नका. धुरी तर नकोच, बंबाचा धूरही बाळापासून लांब ठेवा.

दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना न्यूमोनियापासून बचाव करणारी न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. आज बाळाचं लसीचं कार्ड काढून एकदा बघा.