नेणिवेतली जात : धुळ्याचे शरद पाटील

फोनवरची लाज

साक्रीकडचा पोरगा धुळ्याच्या कॉलेजात शिकतो. मित्रांत उभा असताना आईचा फोन येतो. 'काय करी ऱ्हायना रे?' ती अहिराणीत विचारते. पोरगा चार पावलं बाजूला सरकतो आणि शाळेतल्या मराठीत उत्तर देतो. अहिराणी हलकी नाही, हे विचारलं तर तो ठासून सांगेल. आवाज मात्र खाली जातोच. डोक्याला पटलेलं अंगात का उतरत नाही?

जाणीव आणि नेणीव

जातीच्या बाबतीत या प्रश्नाला शरद पाटील (1925–2014) भिडले, तेही धुळ्यात राहून. चित्रकलेचं शिक्षण सोडून ते कम्युनिस्ट पक्षात गेले, जिल्ह्यातल्या आदिवासींत काम केलं. जात वर्गाच्या चौकटीत मावत नाही म्हणून 1978 मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यात त्यांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांच्या विचारांची सांगड घातली; तिला कार्यकर्ते 'माफुआ' म्हणत. जुने ग्रंथ मुळातून वाचायचे म्हणून ते पाणिनीचं व्याकरण शिकले आणि दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांपर्यंत पोचले.

पाटलांचं म्हणणं असं, की मार्क्सवादाने जाणिवेचाच विचार केला. जात आणि स्त्रीदास्य नेणिवेतही, म्हणजे मनाच्या नकळत्या थरातही, मुरलेलं असतं. समतेवर भाषण देणारा घरमालक खोली देताना हळूच 'आडनाव काय?' विचारतो. तो ढोंगीच असेल असं नाही. मत बदललंय, धास्ती तशीच आहे. अशा ठिकाणी सत्तेला पहारा बसवावा लागत नाही.

जाणकार कोणाला म्हणायचं?

फोनवरची लाजही अशीच मुरलेली: बोलीतलं बोलणं ते कमीचं. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरकामात सुचलेली त्यांची लेवा बोलीतली गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, म्हणून राहिली. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती 1952 मध्ये छापून आली, तेव्हा बाई हयात नव्हत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण बोलीतलं शहाणपण शहाणपण ठरायला आधी वही, मग मुलगा सोपानदेव आणि पुढे अत्रे लागले. ज्यांच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं, त्या बायांची गाणी जात्यापाशीच विरली.

नेणीव बदलायची कशी?

पाटलांची मदार साहित्य-कलेवर होती. 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' हे पुस्तक त्यातूनच आलं. मूळचा चित्रकार सौंदर्याकडे वळला, यात नवल नाही. अडचण त्यांच्या गद्याची. संस्कृत परिभाषेने ठासून भरलेलं ते पान पदवीधरालाही दोनदा वाचावं लागतं; साक्रीतल्या ज्या माणसांसाठी हा खटाटोप होता, त्यांच्यापर्यंत ते आजही कार्यकर्त्याच्या तोंडूनच पोचतं.