मोसंबीचा चोर बांधावर वाढतो

आंबिया बहाराची मोसंबी रंगावर यायला लागली की जालना, अंबड, पैठणकडच्या बागांत फळांचा सडा पडू लागतो. काल संध्याकाळी झाडाखालची जमीन स्वच्छ केलेली असते, सकाळी पुन्हा पंधरा-वीस फळं खाली. वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्र्यालाही पावसाळ्याच्या शेवटी हेच भोगावं लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला बहार, उन्हाळाभर विकतच्या पाण्यावर जगवलेली झाडं, आणि तोडणी तोंडावर आली असताना हे नुकसान. घाबरलेला शेतकरी दुकानातून एखादी बाटली आणतो आणि सगळी बाग फवारून काढतो. गळ मात्र थांबत नाही.

ही गळ नेमकी कशानं होते ते आधी पाहिलं पाहिजे. खाली पडलेलं एक फळ उचला आणि नीट फिरवून बघा. डाग देठापाशी असेल, तर बहुधा बुरशीची देठकूज आहे. फळ कापल्यावर आत पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या वळवळत असतील, तर ती फळमाशी. पण सालीवर टाचणीनं टोचल्यासारखं एकच बारीक छिद्र असेल, त्याभोवती तपकिरी चकती पसरली असेल, दाबल्यावर त्यातून रस उडत असेल आणि आत अळी सापडत नसेल, तर तो रसशोषक पतंगाचा घाव आहे. त्या छिद्रातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात आणि फळ काही दिवसांत सडून गळतं.

बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते, फुलातला मध ओढण्यापुरती. या पतंगाची सोंड टणक असते आणि तिच्या टोकाला बारीक काटे असतात. त्यामुळे मोसंबीची जाड सालसुद्धा ती भेदते. एकदा भोक पडलं की एरंडीवरच्या उंटअळीचे पतंग आणि इतर अनेक जण त्याच वाटेनं रस प्यायला येतात. रसशोषक पतंग चांगला आठ ते दहा सेंटिमीटर पंखविस्ताराचा असतो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, म्हणून दिवसा पाचोळ्यात बसला तर नजरेला पडत नाही. मागचे पंख उघडले की मात्र नारिंगी-पिवळा रंग झळकतो. त्यावर काळा ठिपका असला तर एक जात, काळा वळणदार पट्टा असला तर दुसरी.

अंधार पडल्यावर तासाभरानं टॉर्च घेऊन बागेत फिरून या. उजेड पडला की फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. ज्या शेतकऱ्यानं हे एकदा पाहिलं, त्याला पुढे दिवसा फवारणी करायचा मोह होणार नाही. दिवसा हा पतंग फळावर नसतोच. रात्री येतो, सोंड थेट गरात खुपसतो, आणि सालीवर बसलेलं औषध त्याच्या पोटात जातच नाही. शिवाय तोडणीच्या तोंडावर मारलेलं विष फळाबरोबर खाणाऱ्याच्या ताटात जातं. मला या फवारण्यांचा राग येतो तो यासाठी.

मग याची अळी कुठे असते? संत्र्या-मोसंबीच्या झाडावर ती कधीच सापडणार नाही. पतंगाची मादी अंडी घालते गुळवेलीवर, वासनवेलीवर आणि त्याच कुळातल्या इतर वेलींवर. बांधावरच्या बाभळीवर, विहिरीकाठच्या निंबावर चढलेली गुळवेल हे त्याचं माहेर. अळी मखमली काळपट-तपकिरी असते, चालताना पाठीची कमान करते आणि अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. पानं खाऊन मोठी झाली की तिथंच पानं गुंडाळून कोषात जाते. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना-सव्वा महिना. म्हणजे जुलैच्या पावसात वेल फोफावली की सप्टेंबरात बागेत पाहुणे हजर.

गुळवेल उपटा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. आपल्याकडे तिला अमृता म्हणतात. कोरोनाच्या काळात काढ्यासाठी ती घरोघरी पोहोचली, अनेकांनी हौसेनं कुंपणावर लावली. पण माझं मत स्पष्ट आहे: मोसंबी-संत्र्याच्या बागेलगत गुळवेल ठेवू नये. औषधासाठी हवी असेल तर बागेपासून दूर, नजरेसमोर लावावी आणि तिच्यावरच्या अळ्या वेचून माराव्यात. काढतानाही काळजी हवी. तोडून कुंपणावर टाकलेली गुळवेल मरत नाही, तिच्या कांड्याला वरून मुळं सुटतात आणि ती पुन्हा जमीन गाठते. ती गोळा करून जाळावीच लागते.

वेल काढली तरी पतंग लांबून उडत येतात, म्हणून बागेतही राखण हवी. गळलेली फळं रोज वेचून खोल पुरावीत, कारण आंबलेल्या रसाचा वासच त्यांना बोलावतो. संध्याकाळी दिवस मावळल्यावर वाऱ्याची दिशा पाहून ओला पाला, कडुनिंबाच्या डहाळ्या पेटवून दोन-तीन तास धूर करावा. दोन लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ, पडलेल्या फळांचा रस आणि कीटकनाशक मिसळून रुंद तोंडाच्या भांड्यांत आमिष म्हणून झाडांमध्ये टांगतात. त्यातलं कीटकनाशक कोणतं आणि किती, ते दुकानदाराला विचारू नका. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची चालू शिफारस घ्या. ही भांडी मुलाबाळांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागता कामा नयेत. घरापुरती चार झाडं असतील तर फळांना कागदी पिशव्या बांधणं सगळ्यांत उत्तम. मोठ्या बागेत मजुरीच परवडत नाही.

एकट्यानं आपला बांध साफ करून मात्र भागत नाही. शेजाऱ्याच्या बांधावरची वेल तुमच्या मोसंबीला पतंग पुरवत राहते. म्हणून जुलै संपायच्या आत शेजाऱ्याला बरोबर घेऊन दोघांच्याही बांधावरून एक फेरी मारा आणि गुळवेलीचं पान उलटून बघा.